कुठवर कापायचं? एमजीबीच्या सडलेल्या तळाचा वाद

जुन्या स्पोर्ट्‌स कार पुन्हा उभ्या करणाऱ्या मंडळींत इंजिनावरून फारसं वाजत नाही. इंजिन उघडलं, मापं घेतली, झिजलेलं बदललं, की दोन जाणत्या मेकॅनिकांचं मत साधारण एकच निघतं. खरी वादावादी सुरू होते ती आतला गालिचा उचलल्यावर. खाली पत्र्याऐवजी तपकिरी पापुद्रे निघाले आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवताच तो आरपार गेला, की प्रत्येकाचा सल्ला वेगळा. सडलं तेवढं कापून ठिगळ मारा, म्हणणारे आहेत. अख्खा तळ बदला, म्हणणारे आहेत. आख्खं शेलच, म्हणजे गाडीचा सगळा पत्र्याचा सांगाडाच नवा आणा, असं सांगणारेही आहेत. आणि या सगळ्यांकडे नाराजीने बघत, ‘अहो, मग ती तीच गाडी राहिली का?’ असं विचारणारा एक गट आहेच.

हा वाद सर्वांत जास्त घासूनपुसून झाला तो ब्रिटनच्या एमजीबीवर. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून उघडी रोडस्टर आणि छपराची जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अमेरिकेला गेल्या. (आज आपल्या रस्त्यांवर एमजीचं चिन्ह मिरवणाऱ्या, गुजरातेत हालोलला बनणाऱ्या गाड्यांशी तिचं नातं नावापुरतं.) किंमत आवाक्यात, रचना सरळ, सुटे भाग मुबलक. त्यामुळे श्रीमंत संग्राहकापासून ते रविवारी घरच्या शेडमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या हौशी माणसापर्यंत सगळ्यांनी तिच्यावर हात चालवून बघितले आहेत. म्हणून हा आढावा मुख्यतः तिच्याभोवती फिरतो.

तळ कशाला धरून असतो

एमजीबीच्या आधीची एमजीए वेगळ्या चॅसिसवर उभी होती आणि तिचा तळ चक्क प्लायवूडच्या फळ्यांचा होता. फळी कुजली तर बोल्ट काढायचे, नवी बसवायची. वादाला जागाच नाही. एमजीबीत वेगळं चॅसिस नाही. दाबून आकार दिलेले आणि स्पॉट वेल्डने जोडलेले पत्रेच सगळा भार वाहतात. जीटीला निदान छपराचा आधार तरी आहे. रोडस्टरमध्ये पुढची चाकं आणि मागची चाकं यांना एकत्र धरून ठेवायला मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ तुळया, म्हणजे सिल, एवढंच उरतं. झाकण फाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं दोन हातांत धरून पिळून पाहावं, म्हणजे रोडस्टरची अडचण कळते.

सिल बाहेरून एकसंध दिसते, पण आत थर आहेत. बाहेरचा पत्रा, मधोमध उभा पडदा, आतला पत्रा आणि सर्वांत खाली नागमोडी काटाची, जाणकार जिला ‘कॅसल रेल’ म्हणतात ती पट्टी. तळाचे डावा आणि उजवा असे दोन पत्रे असतात. त्यांची एक कड बोगद्याला, दुसरी सिलच्या आतल्या बाजूला जोडलेली. आणि सीटच्या खालून आडवी तुळई जाते ती दोघांना बांधून ठेवते.

पाणी येतं कुठून, हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. कापडी हूड गळतं हे उघडच आहे. पण काचेपुढच्या जाळीतून आत गेलेलं पाणी ज्या रबरी नळीने खाली जायला हवं, ती पालापाचोळ्याने तुंबते आणि पाणी पायांपाशी उतरतं, हे बऱ्याच मालकांना गाडी खोलल्यावर कळतं. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधून पाझरलेलं द्रव पेडलजवळचा रंग उतरवतं आणि पत्रा उघडा पडतो. वरून गालिचा आणि फेल्टचा थर हे पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. शिवाय खालून ब्रिटिश हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. सिलच्या निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली, की आतून सडणं सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा घेतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या मध्ये तो धरला की जोड आतूनच फाकतो.

म्हणजे तळावर जे भोक दिसतं ती बहुतेक वेळा गोष्टीची सुरुवात नसून शेवट असतो. तळाचा मधला, सपाट भाग वरून ओला राहिल्याने सडतो, पण त्याची कड सडलेली असेल तर सड सिलच्या पोटातून आलेली असण्याची शक्यता दाट. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला पहिला घोटाळा इथेच होतो. लोक ‘तळाची दुरुस्ती’ असा स्वतंत्र विषय समजून भांडतात आणि सिलचा विषय नंतरवर ढकलतात. सडक्या सिलला नवाकोरा तळ जोडला, तर वेल्डिंग कितीही सुबक असो, ते धरून राहायला पलीकडे काही नसतं.

ठिगळांचा काळ आणि १९८८

१९७०-८०च्या दशकांत एमजीबी ही फक्त जुनी, स्वस्त गाडी होती. मालकाचं ध्येय एकच: वर्षातून एकदा होणारी एमओटी तपासणी पास व्हावी. त्यामुळे सडक्या पत्र्यावर नवा पत्रा, त्यावर पुढच्या वर्षी आणखी एक, बाहेरच्या सिलवर वरून चढवलेली दुसरी सिल, भोकांत फायबर आणि वरून डांबराचा जाड लेप, असा कारभार चाले. आजही एखादी गाडी उकलताना पुरातत्त्वज्ञाने थर मोजावेत तसे हे पत्रे मोजावे लागतात. त्या पिढीच्या डेंटरांना हसण्यात मात्र अर्थ नाही. त्या ठिगळांमुळेच या गाड्या भंगारात न जाता आजपर्यंत तगल्या.

तपासणीचे नियम हळूहळू कडक झाले. सीट बेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या बांधणीपासून ३० सेंटिमीटरच्या आतला भार वाहणारा पत्रा सडलेला चालत नाही. तिथे ठिगळ मारायचंच तर ते निरोगी पत्र्यापर्यंत पोहोचलं पाहिजे आणि त्याच्या सगळ्या कडेने अखंड वेल्ड हवा. ब्रेझिंग, सोल्डर, फायबर यांना भार वाहणाऱ्या जागी मान्यता नाही. सीट बेल्टची बांधणी नेमकी तळाच्या आणि सिलच्या आसपास असल्यामुळे या एका नियमाने अर्धा तळ आपोआप ‘महत्त्वाच्या’ क्षेत्रात ओढला.

मग १९८८ साल आलं. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ डाय आणि साचे जमवून फॅरिंग्डन इथे एमजीबीचं संपूर्ण नवं शेल बनवून विकायला सुरुवात केली. पुढे हे काम विटनीला हलवण्यात आलं. बंद पडलेल्या गाडीचं आख्खं शेल पुन्हा कारखान्यातून मिळणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. १९९२ मध्ये रोव्हरने एमजी आरव्ही८ ही गाडी आणली तीही याच पायावर. शेलबरोबर सुटे पत्रेही मिळू लागले: तळ, सिल, कॅसल रेल, आडवी तुळई. वादाचं गणितच पालटलं. कारण आता ‘करता येईल का’ हा प्रश्न उरला नाही. ‘किती करावं’ हा उरला.

दुसऱ्या बाजूने, एमजीबीपेक्षा कितीतरी महाग गाड्यांच्या दुनियेतून एक वेगळा विचार झिरपत होता. चकचकीत नव्यासारखी गाडी म्हणजेच उत्तम गाडी, ही समजूत अमेरिकेतल्या पेबल बीचच्या स्पर्धेतही सैल होऊ लागली आणि न रंगवलेल्या, जशाच्या तशा राखलेल्या गाड्यांना वेगळा वर्ग मिळाला. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये ट्युरिनची सनद स्वीकारली. वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. मूळ साहित्य शक्य तितकं राखा, केलेली दुरुस्ती नोंदवा, बदललेला भाग ओळखता येईल असा ठेवा, हा तिचा गाभा.

सडलेलं तेवढंच, की सगळं?

ठिगळाच्या बाजूने बोलणारे आज त्या जुन्या फायबरवाल्यांचे वारस नाहीत. त्यांचं म्हणणं असं: निरोगी पत्र्याला हात लावू नका. तळाला कारखान्यात दाबून दिलेल्या पन्हळी, मूळ स्पॉट वेल्डच्या खुणा, कुठेतरी राहिलेला पहिला रंग, हे सगळं एकदा कापलं की गेलं. शिवाय जितके जुने जोड उसवाल तितकी गाडीची मापं हलण्याची भीती जास्त. हाताएवढ्या भोकासाठी बोगद्यापासून सिलपर्यंतचा पत्रा काढणं म्हणजे उगीच नवा धोका ओढवून घेणं.

अख्खा तळ बदलणारे याला व्यवहाराने उत्तर देतात. सड कुठे संपते हे डोळ्यांना दिसत नाही. आज निरोगी वाटलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासला की खड्ड्याखड्ड्यांचा निघतो, आणि त्यावर वेल्ड घेतला की आणखी जळतो. चार ठिगळं म्हणजे चारही बाजूंचे मिळून कितीतरी हात लांबीचे वेल्ड. अख्ख्या पत्र्याला जोड फक्त कडेला, तेही मूळ जोडाच्याच जागी. वेळेचा हिशेब केला तर पुष्कळदा पूर्ण पत्रा स्वस्त पडतो. माझा कल इथे तळापुरता या गटाकडे आहे, पण एका अटीवर: कड सडलेली असेल तरच. मधोमध एखादं भोक असेल तर पूर्ण पत्रा काढण्याचं समर्थन मला पटत नाही.

नव्या शेलचे पुरस्कर्ते म्हणतात, सिल, तळ, पुढच्या फेंडरामागचे खांब, मागच्या स्प्रिंगच्या जागा असं सगळंच गेलं असेल तर तुकड्या-तुकड्याने जोडण्यापेक्षा सरळ मापाचं, आतून-बाहेरून बुडवून प्रायमर केलेलं शेल घ्या. दारांच्या फटी नीट बसतील, गाडी वळणावर वाकणार नाही. हे खरं आहे. यातली गोची पुढे येते.

आणि जसंच्या तसं ठेवा म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद एमजीबीच्या बाबतीत थोडा अवघड होतो. संग्रहालयात उभ्या राहणाऱ्या गाडीचा गंज थोपवून, आतून मेण भरून ती तशीच राखता येते. रस्त्यावर धावणारी गाडी मात्र सीट बेल्टच्या बांधणीखाली सडका पत्रा घेऊन चालवता येत नाही. ट्युरिनच्या सनदेलाही गाडी चालती राहावी हे मान्य आहे. म्हणजे मूळपणा आणि सुरक्षितता यांत ओढाताण होणार हे तिने गृहीतच धरलंय.

जोड कसा घ्यायचा

कारागिरांच्या दृष्टीने खरा विषय हा. आणि इथे कोणतंही मत ठामपणे मांडण्याआधी सगळे एका गोष्टीवर सहमत असतात: रोडस्टरची सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके आधार वेल्ड करा, गाडी सपाट टेकवा, कर्ण मोजून लिहून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. हे न केल्यास गाडी मधोमध बसते आणि नंतर दार लागत नाही. दार सारखं बसवून पाहणं हीच सगळ्यांत विश्वासाची मोजपट्टी.

त्यापुढे मतं फुटतात. कारखान्यात पत्र्यावर पत्रा चढवून स्पॉट वेल्ड केलेला. सिलच्या कडेशी, जिथे दोन्ही बाजूंनी स्पॉट वेल्डर पोहोचत नाही, तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची, याला प्लग वेल्ड म्हणतात. हे मूळ रचनेच्या जवळ जातं आणि दिसायलाही खटकत नाही. पण प्लग वेल्ड वरून छान दिसून खाली न धरलेला असू शकतो. आतला पत्रा नीट वितळला की नाही हे कारागिराच्या हातावर अवलंबून. म्हणून काही जण कडेने अखंड वेल्ड घेतात. त्याला मूळपणावाल्यांची हरकत, शिवाय जास्त उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो.

तळाच्या मध्यावर ठिगळ असेल तर प्रश्न वेगळा. कड कडेला भिडवून, मध्ये बारीक फट ठेवून घेतलेला जोड सफाईचा दिसतो आणि त्यात पाणी अडायला जागा राहत नाही. एक पत्रा दुसऱ्यावर चढवला तर जोडणं सोपं, पण त्या दोघांच्या मधल्या सांध्यात ओल साठते आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. चढवणाऱ्यांचं उत्तर असं की सांधा सीलरने बंद केला तर ओल जाणार कुठून? यावर समोरचे सीलर किती वर्षं टिकतो ते विचारतात. तळाचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा. त्यावर मिग, म्हणजे आपल्या गॅरेजातलं सीओटू वेल्डिंग, ०.६ मिलिमीटरच्या तारेने, छोटे छोटे टाके घेत आणि मध्ये थंड होऊ देत करायचं, हे आता सर्वमान्य आहे. टिगने घेतलेला वेल्ड मऊ असतो, हातोडीने ठोकून सपाट करता येतो. पण त्याला पत्रा निखळ स्वच्छ लागतो, आणि पन्नास वर्षं डांबर प्यायलेल्या तळाला तो तसा मिळणं कठीण. आपल्याकडच्या जुन्या डेंटरांनी आयुष्यभर गॅस वेल्डिंगवर पत्रे जोडले आणि तयार तळ मिळत नसताना पन्हळी हाताने ठोकून काढल्या; त्यांच्या कामाकडे पाहिलं तर यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, हे त्यांचं म्हणणं फेटाळता येत नाही.

चिकटवण्याचा पर्याय अलीकडे पुढे येतो आहे, कारण नव्या मोटारींत पत्रे गोंदाने जोडणं रूढ झालंय. एमजीबीसाठी मात्र निर्मात्याने तशी पद्धत कधी दिलेली नाही, आणि भार वाहणाऱ्या जागी तपासणीला ती चालत नाही. तळाच्या मधल्या, बिनभाराच्या भागात वापरावी का, यावर फारसं भांडण नाही; फारसा अनुभवही नाही.

आत काय भरायचं

वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळतो. सिलसारख्या बंद पोकळीत तिथे पुन्हा रंग पोहोचत नाही. जस्ताचा प्रायमर आधीच लावून त्यावरूनच वेल्ड घ्यावा, असं एक मत. तो वेल्डजवळ जळून जातो, वेल्डमध्ये छिद्रं करतो आणि त्याचा धूर ताप आणतो, असं दुसरं. दुसऱ्या मताचे लोक सांध्यावर उघडा, स्वच्छ पत्रा ठेवतात आणि काम झाल्यावर नळीने पोकळीत मेण फवारतात. मेण भरणं हे मात्र सगळेच करतात. पत्रा साफ करायला वाळूचा मारा की आम्लाची टाकी, हाही जुनाच तंटा. वाळू सपाट पत्रा वाकवते आणि पोकळीत राहून ओल धरते. आम्ल प्रत्येक सांध्यात शिरून गंज खातं, पण नीट धुतलं गेलं नाही तर रंगाखालून पुढे झिरपतं. पोर्शने १९७६च्या मॉडेलपासून ९११चं शेल जस्ताच्या पत्र्याचं करायला घेतलं. एमजीबीला ते सुख मिळालं नाही.

तीच गाडी का?

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर कोर्टात निकाल झालाय, जरी तो एमजीबीचा नव्हता. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीने १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकली होती. तिच्यातले बहुतेक भाग नंतर बदलले गेले. १९९० मध्ये विक्रीच्या वादात कोर्टाने म्हटलं, की बदल तुकड्या-तुकड्याने, सलग इतिहासात झाले असतील तर गाडीची ओळख टिकते. संपूर्ण शेल एका झटक्यात बदलणाऱ्यांना या निकालाचा आधार पुरेसा पडत नाही, हे उघड आहे.

गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलएचा हिशेब वर्षानुवर्षं गुणांचा होता: मूळ नोंदणी क्रमांक राखायला किमान ८ गुण, त्यांत मूळ किंवा निर्मात्याकडून पावतीसह घेतलेल्या नव्या शेलला ५. म्हणजे कागदावर नवं शेल मूळ गाडीइतकंच वजन घेऊन यायचं आणि त्याचवेळी क्लबातले जुने सभासद त्याच गाडीला ‘नवी’ म्हणत. ऑगस्ट २०२५ पासून तिथे होता तसाच भाग बसवून केलेली दुरुस्ती कळवण्याची गरजही उरलेली नाही. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट २०१८ पासून आहेच, जर गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झाला नसेल तर. मूळच्याच आकाराचा पत्रा बसवणं हा तिथे मोठा बदल धरला जात नाही.

भारतात चित्र वेगळं आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी आणि २० हजार रुपये शुल्क ठरवलं. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चॅसिस, शेल किंवा इंजिनात बदलासह मोठी फेरबांधणी झालेली नसावी. १९७५ पर्यंतची एमजीबी वयाने या वर्गात बसते. मुंबईच्या खाऱ्या हवेला रस्त्यावरच्या मिठाची गरज नाही. इथल्या जुन्या मोटारींचे तळ तसेही सडतातच, आणि ते दुरुस्त करताना या अटीशी गाठ पडते.

अजून न सुटलेलं

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची आहे. प्लग वेल्डची सिल आणि अखंड वेल्डची सिल वीस वर्षांनी कोणती कमी सडली, याची शिस्तशीर तुलना नाही; प्रत्येक जण आपापल्या तीन-चार गाड्यांवरून बोलतो. कोणत्या गाडीत पाणी शिरत राहिलं आणि कोणती कोरड्या शेडमध्ये उभी राहिली, हा फरक त्या अनुभवांत कधी मोजलाच जात नाही. दुरुस्ती झाल्यावर वेल्ड रंग, सीलर आणि डांबराखाली झाकले जातात, त्यामुळे पुढच्या मालकाला त्यांचा दर्जा कळत नाही. फोटो आणि नोंदी ठेवण्याची सवय वाढते आहे, पण नोंदीत वेल्डची लांबी, पत्र्याची जाडी आणि कापलेल्या भागाचा आराखडा असावा की नुसते फोटो पुरेत, यावर एकमत नाही.

नव्या पत्र्यांचा दर्जा हा दुसरा मुद्दा. मूळ साच्यांवर काढलेला पत्रा आणि दुसऱ्या कोणी नमुना बघून काढलेला पत्रा यांत कडांची मापं, पन्हळींची खोली आणि जाडी वेगवेगळी निघते. साचेही झिजतात. ‘मूळच्यासारखा’ म्हणजे १९६५ च्या पत्र्यासारखा की आजच्या साच्यातून निघतो त्यासारखा, हे कुठलाही नियम सांगत नाही.

आणि आपल्याकडचा मुद्दा अगदी साधा आहे. नियमात ‘बदल’ हा शब्द आहे. सडलेला तळ कापून त्याच आकाराचा, त्याच जाडीचा नवा तळ बसवणं हा बदल धरायचा की दुरुस्ती, याची व्याख्या त्यात नाही. गाडी तपासणाऱ्या राज्याच्या समितीने सिलसकट बदललेला तळ एका ठिकाणी मान्य करायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारायचा, यात आज काहीही अडचण नाही. ब्रिटनमध्ये होती तशी गुणांची पद्धत इथे आणावी, की ट्युरिन सनदेप्रमाणे आधी नोंदी मागाव्यात, हा प्रश्न परिवहन खात्याच्या टेबलावर अजून यायचा आहे.